हुद्दा, पायरी आणि कथा : प्रतिष्ठेच्या कथा उसवून पाहताना काय शिकता येते?

माजिवडेकर

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईतील आम्ही सात-आठ जण गेल्या पावसाळ्यापासून महिन्यातल्या दोन शनिवारी कोणाच्या तरी घरी जमतो. सगळ्यांनी एकच कथा वाचून आणायची, आणि शिंप्याने जुना सदरा उसवून कापड कसे बेतले होते ते पाहावे तशी ती उसवून पाहायची, एवढाच आमचा उद्योग आहे. सध्या आम्ही सामाजिक प्रतिष्ठेच्या, म्हणजे कोण कोणापेक्षा वरचा आणि कोण खालचा या प्रश्नाभोवती फिरणाऱ्या कथा घेतल्या आहेत. हा विषय निवडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने या विषयावर निदान एक कथा लिहिलेली होती आणि प्रत्येकाची कथा एकाच जागी फसलेली होती. गरिबाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, श्रीमंताच्या दिवाणखान्यात झुंबर, गरीब खिन्न, श्रीमंत मग्रूर, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखकाचे स्वतःचेच डोळे ओले. वर्णन भरपूर होते, पण घडत काहीच नव्हते.

सुरुवात अंतोन चेखव यांच्या १८८३ सालच्या एका दोन-अडीच पानी कथेपासून केली. तिचे नाव मराठीत 'लठ्ठ आणि किडकिडीत' असे होईल. रेल्वे स्थानकावर दोन शाळासोबती कित्येक वर्षांनी भेटतात. लठ्ठ नुकताच जेवला आहे, त्याच्या ओठांवर लोण्याची चकाकी आहे आणि अंगाला शेरी मद्याचा व संत्र्याच्या फुलांचा वास आहे. किडकिडीत गाठोडी आणि पुठ्ठ्याची खोकी घेऊन गाडीतून उतरला आहे आणि त्याला हॅमचा आणि कॉफीच्या चोथ्याचा वास येतो आहे. त्याच्याबरोबर बायको आणि शाळकरी मुलगा आहेत. मित्र एकमेकांना मिठ्या मारतात, शाळेत पडलेली टोपणनावे आठवतात. मग किडकिडीत आपली नोकरी सांगतो, तू कुठवर पोचलास असे विचारतो, आणि लठ्ठ सहज बोलून जातो की मी त्याहून बराच वर आहे. तेवढ्या एका वाक्याने किडकिडीत पांढरा पडतो आणि आक्रसतो, त्याची गाठोडीसुद्धा आक्रसतात, बायकोची लांब हनुवटी आणखी लांबते, आणि मुलगा ताठ उभा राहून गणवेशाची सगळी बटणे लावून घेतो.

रशियात पीटर द ग्रेटने १७२२ साली सरकारी नोकरीची १४ पायऱ्यांची उतरंड घालून दिली होती. त्या हिशेबाने किडकिडीत आठव्या पायरीवर आहे आणि लठ्ठ तिसऱ्या. आज आपल्यापैकी कोणाला ही उतरंड पाठ नसते, तरीही कथा पहिल्या वाचनात कळते, कारण चेखव पायरीचा क्रमांक समजावून सांगत बसत नाहीत, बटणे दाखवतात. त्याहून मोठी गोष्ट संबोधनाची आहे. रशियन भाषेत आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत. मिठी मारताना 'तू' म्हणणारा मित्र क्षणात 'महाराज, हुजूर' अशा भाषेवर येतो, आणि निरोप घेताना पुढे आलेल्या हाताची तीनच बोटे दाबतो. इंग्रजी भाषांतरात हा बदल निम्मा गळून जातो. मराठी वाचकाला मात्र तो पूर्ण पोचू शकतो, आणि ही आपल्या भाषेची मिळकत आपण कथा लिहिताना क्वचितच वापरतो.

आमची सर्वाधिक चर्चा झाली ती या कथेच्या दुरुस्तीवर. साप्ताहिकात आलेल्या पहिल्या पाठात किडकिडीत हा योगायोगाने लठ्ठाच्याच हाताखाली नेमला गेलेला होता, म्हणजे त्याच्या लाचारीला पोटाचे कारण होते. १८८६ सालच्या संग्रहासाठी कथा नव्याने लिहिताना चेखव यांनी ते नाते काढून टाकले. आता लठ्ठ त्याचे काही बिघडवू शकत नाही आणि काही देणारही नाही. उलट तो म्हणतो की आपण बालमित्र आहोत, मध्येच हे हुजूर कशाला? आणि तरीही किडकिडीत वाकतो. कारण काढून घेतले आणि वाकणे तेवढे ठेवले, म्हणून ती कथा एका कारकुनाची न राहता आपल्या सगळ्यांची झाली. प्रतिष्ठेच्या कथेत पात्राला सबब देऊ नये, असे मी तेव्हा वहीत लिहून घेतले.

आता माझी अडचण सांगतो. माझी कथा घरी घडलेल्या प्रसंगावर आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाकडे कळव्याहून त्याचे मामा येतात. मे महिना आहे, गावाहून आलेला फणस गोणपाटात घालून त्यांनी खांद्यावर घेतला आहे. फाटकावरचा पहारेकरी ॲपमध्ये नोंद करतो. त्यात पाहुणा, डिलिव्हरी, घरकाम असे रकाने आहेत, आणि तो मामांना 'डिलिव्हरी'त टाकतो. भाचा घरूनच काम करत असतो आणि मीटिंगमध्ये असतो. फोनवर आलेली सूचना तो न वाचता 'मान्य' करतो, आणि मामा सामानाच्या लिफ्टने वर येतात. यानंतर मी मामांना दीड पान अपमान वाटायला लावला आहे, आणि शेवटी भाचा पहारेकऱ्यावर ओरडतो. मंडळातल्या सर्वांनी एकमुखाने सांगितले की पहिला परिच्छेद ठेवा आणि बाकीचे फाडून टाका. ते पटते आहे, पण फाडल्यावर तिथे काय ठेवावे ते सुचत नाही. इथल्या जाणत्यांनी याच धाटणीच्या कथा कशा बेतलेल्या असतात ते आपापल्या वाचनातून सांगितले तर माझी वाट मोकळी होईल.

अर्धविराम

धागा आवडला. मी नौपाड्यात राहतो, ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवले, आणि आता सकाळी तलावपाळीला एक फेरी मारून उरलेला दिवस वाचत बसतो. त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपण संबोधनावर बोललात, मी आकड्यांवर बोलतो. गी द मोपासाँ यांची १८८४ सालची हाराची कथा बहुतेकांनी कुठल्या ना कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेली असते आणि बहुतेकांच्या लक्षात तिचा शेवटचा धक्काच राहतो. शिक्षण खात्यातील कारकुनाची बायको समारंभासाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, नवरा-बायको तसाच दुसरा घेऊन परत करतात, दहा वर्षे कर्ज फेडण्यात झिजतात, आणि अखेरीस कळते की मूळ हार खोटा होता. शाळेत मीसुद्धा कित्येक वर्षे 'अनपेक्षित शेवट' असे फळ्यावर लिहून मोकळा होत असे. निवृत्तीनंतर ती पुन्हा वाचताना पेन्सिल घेऊन फक्त रकमा लिहून काढल्या, आणि तेव्हा त्या कथेची शिवण दिसली.

समारंभाच्या पोशाखाला ४०० फ्रँक लागतात, आणि नवऱ्याने नेमके तेवढेच बंदूक घेण्यासाठी बाजूला ठेवलेले असतात. म्हणजे पहिल्याच पानावर बायकोची हौस नवऱ्याच्या हौसेतून कापून घेतली जाते आणि तो त्यावर चकार शब्द काढत नाही. नवा हार ३६,००० ला मिळतो. त्यातले १८,००० वडिलांकडून आलेले असतात, उरलेले १८,००० उसने. आणि शेवटी मैत्रीण सांगते की तो हार फार तर ५०० फ्रँकचा होता. हा शेवटचा आकडा पहिल्या आकड्याला जवळजवळ लागून आहे. ज्याच्यासाठी दहा वर्षे गेली त्या हाराची किंमत अंगावरच्या पोशाखाएवढीच होती. लेखक हे कुठेही बोलून दाखवत नाही, तो फक्त दोन रकमा कथेच्या दोन टोकांना ठेवून देतो.

आणि आपल्या संबोधनाच्या मुद्द्यालाही ही कथा पुरावा देते. दहा वर्षांनी नायिका मैत्रिणीला रस्त्यात नावाने हाक मारते, तेव्हा मैत्रीण तिला ओळखत नाही, आणि या साध्या बाईने आपल्याला इतक्या सलगीने हाक मारावी याचे तिला नवल वाटते. कर्जाच्या दहा वर्षांचे वर्णन मोपासाँ एका पानात आटोपतात. ती दहा वर्षे खऱ्या अर्थाने दिसतात ती या एका हाकेत.

आपल्या फणसाच्या कथेत आकडा कुठे आहे? कळव्याहून रिक्षाचे किती झाले, मामांनी ती केली की बसने आले, हे मला वाचक म्हणून हवे आहे.

बेलापूर_फास्ट

सरांच्या आकड्यांच्या मुद्द्याला माझा विरोध नाही, पण माजिवडेकरांच्या कथेला आकड्याने काही होईल असे मला वाटत नाही. फणसाला बाजारभाव लावला की तो खरोखरच डिलिव्हरी होईल.

मला मराठी संबोधनाविषयी थोडे अधिक सांगायचे आहे, कारण हे आपले हत्यार दिसते तितके सरळ चालत नाही. आपल्या बहुतेक घरांत कामाला येणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतात. आईच्या बहिणीलाही मावशीच म्हणतात. आईच्या बहिणीविषयी आपण 'मावशी आली' असे एकवचनात बोलतो आणि ती जवळीक असते. कामाच्या बाईंविषयी 'आज मावशी आली नाही' असेच एकवचनात बोलतो आणि ती पायरी असते. व्याकरण तेच, नाते तेच सांगितलेले, आणि अर्थ उलटा. जो लेखक एकाच घरात, एकाच दुपारी दोन्ही मावश्या आणून बसवील आणि घरातल्या मुलाला कोणती मावशी आली असे विचारायला लावील, त्याला वेगळे वर्णन करायची गरजच उरणार नाही.

दुसरे निरीक्षण मी रोज करते ते लोकलमधले. बायकांच्या डब्यात प्रथम वर्ग आणि द्वितीय वर्ग यांच्यामध्ये फक्त जाळी असते. आवाज, वास, भांडणे, वाढदिवसाचे गाणे, सगळे आरपार जाते, माणूस तेवढा जात नाही. माझ्या एका कथेत मी दोन जावा जाळीच्या दोन बाजूंना ठेवल्या होत्या. धाकटीकडे कार्यालयाने दिलेला प्रथम वर्गाचा पास होता. लिहिताना मी धाकटीच्या मनातला संकोच पानभर लिहिला आणि कथा मेली. नंतर एक दिवस खरोखरच पाहिले की जाळीपलीकडच्या ओळखीच्या बाईशी बोलता यावे म्हणून प्रथम वर्गातली एक बाई रिकामी जागा सोडून ऐरोली ते तुर्भे उभी राहिली. दोघींपैकी कोणीही वर्गाविषयी बोलले नाही, बोलणे पूर्ण वेळ इडलीच्या पिठाविषयी चालले होते. मला माझी कथा त्या दिवशी मिळाली. आपली अडचण तीच आहे. आपले मामा अपमानाविषयी विचार करतात, त्यांनी फणसाविषयी बोलावे.

घणसोलीचा_पोर

वरचे सगळे वाचून थोडी गंमत वाटली, कारण आम्ही आगरी. आमच्या घरात बापालाही 'तू' आणि आजीलाही 'तू'. आमच्याकडे कोणी कोणाला 'तुम्ही' म्हणू लागले की समजावे, एक तर भांडण झाले आहे किंवा दारात सरकारी माणूस उभा आहे. त्यामुळे 'तू' म्हणजे खालची पायरी आणि 'तुम्ही' म्हणजे वरची, हा नियम नौपाड्यात चालत असेल, खाडीच्या या बाजूला तो तपासून घ्यावा लागतो. कथा लिहिणाऱ्याने आधी हे ठरवावे की पात्राच्या घरात साधा भाव काय आहे. त्या साध्या भावापासून संबोधन ढळले, तरच काहीतरी घडले.

माझ्या आजोबांचा प्रसंग सांगतो, कारण त्यात पायरी दोनदा उलटली. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. आजोबांची भातशेती गेली. मोबदल्याच्या कागदांसाठी ते कार्यालयात जात तेव्हा तिथला कारकून त्यांना 'अहो, तुम्ही' असेच म्हणे, आणि आजोबा घरी येऊन सांगत की तो माणूस आपल्यावर रागावलेला दिसतो. पुढे १९८४ च्या जानेवारीतील आंदोलनातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळावेत ही मागणी मान्य होत गेली, आमच्या वाट्याला भूखंड आला, त्यावर इमारत उभी राहिली आणि खोल्या भाड्याने गेल्या. आता वरच्या मजल्यावरचे इंजिनीअर भाडेकरू आजोबांना 'शेठ' म्हणत, आणि आजोबा त्यांना 'तू कवा आलास' असे विचारत. भाडेकरूंच्या बायका म्हणत की म्हाताऱ्याला पैशाचा माज आला आहे. आजोबा मात्र त्यांना घरचे माणूस समजत होते.

मी ही कथा दोनदा लिहिली आणि दोन्ही वेळा आजोबांची बाजू समजावून सांगितली. तिसऱ्यांदा समजावणे काढले आणि फक्त दोन्ही बाजूंची वाक्ये ठेवली. ती वाचून एका वाचकाने म्हातारा माजोरडा आहे असे म्हटले आणि दुसऱ्याने भाडेकरू शिष्ट आहेत असे म्हटले. मला दोन्ही उत्तरे चालतात.

शाईची_दौत

चर्चा चांगली चालली आहे, पण एक मूळ गृहीतक तपासावे असे वाटते. आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत पायरी हलते. मित्र वरचा निघतो, बाई कर्जात जाते, शेतकरी शेठ होतो. आपल्याकडची जी सर्वांत जुनी उतरंड आहे, तिच्यात पायरी हलतच नाही. मग तिथे कथा कशी घडते?

बाबूराव बागूल यांच्या १९६३ साली आलेल्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाची शीर्षककथा या दृष्टीने उसवून पाहावी. नोकरीसाठी परक्या गावी आलेला तरुण राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो. तो शिकलेला आहे, लिहिणारा आहे, लोक त्याला मान देतात. जात उघड होते तेव्हा त्याच्यात काहीही बदललेले नसते. तीच जीभ, तेच ज्ञान, तोच सदरा. मान देणारेच हात त्याला मारतात. इथे पायरी हलली नाही, झाकण हलले. म्हणून या कथेतला ताण 'आता काय होईल' असा नसून 'कोणाला किती ठाऊक आहे' असा आहे, आणि लेखकाला प्रत्येक प्रसंगात त्या माहितीचा हिशेब ठेवावा लागतो. वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे, भोवतालच्यांना नाही. त्यामुळे मानाचा प्रत्येक शब्द वाचकाला टोचतो. शीर्षकातल्या 'चोरली' या क्रियापदाकडेही पाहावे. ज्याचे सर्वस्व हिरावले गेले आहे तोच स्वतःला चोर म्हणवून घेतो.

चेखव यांनी सबब काढली म्हणून कथा मोठी झाली, हे माजिवडेकरांचे म्हणणे त्या कथेपुरते मान्य आहे. पण जिथे वाकणाऱ्याच्या पाठीवर खरोखरच काठी आहे, तिथे ती काठी कथेतून काढून टाकणे ही कारागिरी नव्हे, लबाडी होईल. तेव्हा तो नियम वहीत असू द्यावा, पण पेन्सिलीने लिहिलेला असावा.

आपल्या कथेपुरता एकच प्रश्न विचारतो. आपण 'डिलिव्हरी'त नोंदले गेलो आहोत, हे मामांना ठाऊक आहे का?

माजिवडेकर

सर्वांचे आभार. शेवटच्या प्रश्नाने मी दोन दिवस अडकून पडलो. खरे सांगायचे तर मामांना ठाऊक नव्हते. त्यांनी पहारेकऱ्याला नाव सांगितले, सदनिकेचा क्रमांक सांगितला, त्याने दाखवलेल्या लिफ्टमध्ये ते चढले आणि वर आल्यावर लिफ्ट मोठी आहे, फणस ठेवायला बरी पडली, असे म्हणाले. दीड पानाचा अपमान मी त्यांच्यावर लादला होता, कारण तो माझ्या अंगावर येऊ नये अशी माझी सोय मला हवी होती. पहारेकऱ्यावर ओरडणारा भाचा तर मी सरळ सरळ बनवला. प्रत्यक्षात मी कोणावरही ओरडलो नाही.

घणसोलीकरांचे 'साधा भाव' हे शब्द आता आमच्या मंडळात रूढ झाले आहेत. आमच्या घरी मामांचा साधा भाव आदरार्थी बहुवचन आहे. मामा आले, मामा जेवले, मामा बसलेत. ते मला 'तू' म्हणतात.

नेरूळवासी

उशिरा आले. मी राहते तिथे रिक्षावाल्याला 'एलआयजी' (अल्प उत्पन्न गटाची घरे) किंवा 'एनआरआय' (अनिवासी भारतीयांच्या नावाचे संकुल) एवढे सांगितले की तो नेमक्या फाटकाशी सोडतो. पायरीच पत्ता होऊन बसल्यावर प्रतिष्ठेची कथा शोधायला फार लांब जावे लागत नाही.

एका कथेची भर घालते, कारण आतापर्यंत बहुतेकजण वरून खाली येतानाच दिसले. प्रेमचंद यांची १९३३ सालची 'ईदगाह' आपल्याला माहीत असते ती आजीसाठी चिमटा आणणाऱ्या नातवाची म्हणून. तिची बेतणी पाहण्यासारखी आहे. सुरुवातीलाच मुले आपापले पैसे मोजतात. महमूदकडे १२ पैसे, मोहसिनकडे १५, हमीदकडे ३. अर्धविराम सरांना आवडेल असा हा हिशेब एकदा मांडला की पुढे जत्रेतल्या प्रत्येक दुकानाशी वाचक हमीदच्या वतीने वजाबाकी करत राहतो. चिमटेवाला आधी ६ सांगतो, मग ५ वर येतो, आणि हमीद ३ म्हणतो. इथपर्यंत ही गरिबीची कथा आहे. परतीच्या वाटेवर ती प्रतिष्ठेची होते. मुले चिमट्याला हसतात, आणि हमीद एकेका मातीच्या खेळण्याला शब्दाने हरवत जातो. त्याच्याकडे काहीही वाढलेले नाही, त्यांच्याकडचे काहीही कमी झालेले नाही, तरी शेवटी सगळी मुले आपली खेळणी त्याच्या हातात देऊन चिमटा धरायला मागतात. पायरी बदलली ती बोलण्याने, आणि बदलल्याचे कळले ते कोणती वस्तू कोणाच्या हातात गेली यावरून. चेखव यांची तीन बोटे आणि हा चिमटा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून विचारते, की फणस वर आल्यावर तो कोणाच्या हातात होता?

माजिवडेकर

फणस मामांच्याच हातात होता. काल रात्री मधला भाग नव्याने लिहिला, तो देतो. मीटिंग संपल्यानंतरचा प्रसंग आहे.

*मामांनी फणस ओट्याशेजारी जमिनीवर ठेवला आणि विळी मागितली. विळी नव्हती. मोठी सुरी दिली, तिच्याकडे त्यांनी थोडे पाहिले आणि खोबरेल मागितले. ते बाथरूममधून आणून दिले. दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल चोळून, खाली वर्तमानपत्र पसरून ते मांडी घालून बसले. चीक टिपायला त्यांनी गोणपाटाचाच एक कोपरा फाडून घेतला. "कापा आहे रे," ते म्हणाले, "तुझ्या आईला बरका आवडायचा, पण या झाडाला कापाच धरतो."*

*इंटरकॉम वाजला. खालून पहारेकरी बोलत होता. "साहेब, तुमची डिलिव्हरी अजून बाहेर पडलेली नाही. तासाच्या वर झालं."*

*मी फोनवरची नोंद उघडली. वेळ होती, सदनिकेचा क्रमांक होता, आणि खाली माझे नाव आणि 'मान्य'. मामा गरे काढत होते.*

*"हो," मी म्हणालो. "निघेल थोड्या वेळात."*

*"कोण रे?"*

*"खालून. काही नाही."*

*"तो मघाचा पोरगा का? बरा आहे. मला लिफ्टपर्यंत सोडायला आला होता." त्यांनी आठ-दहा गरे वाटीत वेगळे काढले. "हे दे बांधून. जाताना मीच देतो त्याला."*

अर्धविराम

आकड्याची मागणी मी मागे घेतो. 'निघेल' हे एकच क्रियापद पुरेसे आहे. आपल्या घरचा साधा भाव मागच्या उत्तरात वाचलेला असल्यामुळे ते मला लगेच लागले. कथेच्या आरंभी 'मामा आलेत' असे एखादे वाक्य भाच्याच्या तोंडी ठेवावे, म्हणजे धागा न वाचलेल्यालाही लागेल.

शाईची_दौत

वाटीत काढलेले गरे मामा स्वतः पोचवणार, म्हणजे जाताना ते खरोखरच डिलिव्हरी करणार. हे आपण ठरवून केले असेल तर भाच्याकडून त्याकडे बोट दाखवून घेऊ नका, आणि ठरवून केलेले नसेल तर अजिबात हात लावू नका.

घणसोलीचा_पोर

आमच्याकडे हा प्रसंग जमला नसता, कारण आमचा मामाही 'निघेल'च असतो. त्यामुळे मला आपला हेवा वाटला.

बेलापूर_फास्ट

गोणपाटाचा कोपरा फाडला ते फार आवडले, घरात जुने फडके नसते हे तेवढ्यात कळले. एक विचारायचे राहिले. जाताना मामा कोणत्या लिफ्टने गेले?

माजिवडेकर

मला ठाऊक नाही. साडेबाराची दुसरी मीटिंग होती, म्हणून मी दारापर्यंतच गेलो.